डाव्या पंखावरची रेघ

अण्णांची रेघ म्हणजे रेघ, असं त्यांच्या कारखान्यात म्हणायचे. अण्णा म्हणजे माझे वडील. बसच्या बॉड्या बांधण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आडवा टाकायचा, पट्टी धरायची, खिशातली पोलादी सुई काढायची आणि एका दमात इकडून तिकडे ओढायची. त्याच रेघेवर दुसऱ्यांदा हात फिरवणारा मिस्त्री त्यांच्या लेखी मिस्त्रीच नव्हता. सुईचं टोक बोथट झालं की ते घरी आणून ओट्याच्या कडेवर घासायचे. त्यावरून आई त्यांना ओरडायची. आई गेल्यावर ते काम मी घेतलं.

मी रागीट आहे, हे आधीच सांगून टाकते. दापोडीत रुळांच्या बाजूच्या आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. नाकावर राग म्हणतात तो माझ्या नाकावर कायम बसलेला असतो. पण एकदा, आयुष्यात एकदाच, मी राग बाजूला ठेवून समजूतदारपणा केला. तोच मला आजपर्यंत नडतोय.

अण्णा निवृत्त झाले तेव्हा त्यांचे कान केव्हाच निवृत्त झालेले होते. पत्र्यावर हातोडे आणि पत्रे जोडायच्या रिबिटची गन ऐकून ऐकून दोन्ही पडदे गेले होते. समोरच्याचे ओठ बघून ते बोलणं ओळखायचे, आणि ते इतकं चांगलं जमायचं की नवख्या माणसाला पत्ता लागत नसे. सुरुवातीला दारात खुर्ची टाकून शेजाऱ्यांचे कूलर आणि कपाटं ठोकून द्यायचे. मग लोक प्लास्टिकचे कूलर आणायला लागले. अण्णा खुर्चीत नुसते बसायला लागले. दाढी आठवड्यातून एकदा. जेवायला हाक मारायची तर पुढ्यात जाऊन उभं राहावं लागायचं, आणि पुढ्यात गेलं तरी कधीकधी ते बघायचे नाहीत. मला वाटायचं, हा माणूस या खुर्चीतच संपणार.

मी त्यांचीच विद्या शिकलेली. आयटीआयला पत्राकाम घेतलं तेव्हा वर्गात मी एकटी मुलगी. पुढे चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे मशीनवर पत्रे वाकवतात तिथे, कंत्राटावर. तिथे सात महिने काम झालं की ब्रेक देतात, म्हणजे घरी बसवतात आणि नंतर वाटलं तर बोलावतात. लग्न करून पाहिलं होतं, ते टिकलं नाही, त्याची गोष्ट वेगळी. तर मी अशीच ब्रेकवर घरी होते, तेव्हा साहेब आले.

साहेब पिंपळे सौदागरला एका मोठ्या सोसायटीत राहायचे. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले इंजिनिअर, आवाज मऊ, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. त्यांनी परदेशातून दोन माणसं बसतील एवढ्या विमानाचं किट मागवलं होतं. सांगाडा, फासळ्या, पत्रे, सगळं खोक्यांत भरून आलेलं, आणि ते आपण जोडायचं. अ‍ॅल्युमिनियमला रिबिट मारणारा जुना माणूस ते शोधत होते. अण्णांच्या कारखान्यातल्या कुणीतरी आमचा पत्ता दिला. मला वाटलं माणूस येडा आहे. अण्णांनी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी केली आणि इस्त्रीचा शर्ट मागितला.

रिबिट मारायला दोन माणसं लागतात. एकजण बाहेरून गन धरतो, दुसरा आतून रिबिटच्या बुडाशी डॉली, म्हणजे जड पोलादी ठोकळा, दाबून धरतो. पंखाच्या आत शिरेल असा बारीक हात हवा होता. माझा हात शिरला. अशी आमची बाप-लेकीची जोडी झाली.

शेड चाकणच्या अलीकडे, एका शेतकरी कुटुंबाच्या गोठ्याला लागून होती. त्या घरातली म्हातारी पहिल्याच दिवशी पंखाचा सांगाडा बघून म्हणाली, “ह्ये उडंल व्हय?” साहेब हसले आणि म्हणाले, मीच उडवणार आहे, मावशी. म्हातारीनं त्यांच्याकडे जरा काळजीनंच पाहिलं.

काम सुरू करण्याआधी साहेबांनी आम्हाला समोर बसवून एकच नियम सांगितला. या पत्र्यावर सुई लावायची नाही. पेन्सिलसुद्धा नाही. खूण करायची ती फक्त मार्करनं, आणि काम झालं की स्पिरिटनं पुसून टाकायची. त्यांनी खिशातून शाम्पूची पुडी काढली. नुसती ओढली, फाटली नाही. मग कडेला नखानं बारीकशी चीर पाडून ओढली, तर सर्रकन फाटली. हवेत पंख सारखा वाकतो, सारखा ताणला जातो, आणि जिथे ओरखडा असेल तिथून तो असाच फाटेल, असं त्यांनी समजावलं. मी पुडीकडे बघत होते आणि अण्णा साहेबांच्या ओठांकडे. येताना बसमध्ये अण्णा म्हणाले, एवढ्या बस बांधल्या, एक तरी फाटली का? मी म्हटलं, बस वरून खाली पडत नाही. त्यावर ते हसले. किती वर्षांनी हसले ते मला सांगता येणार नाही.

ते दिवस चांगले होते, हे मान्य करायला हवं. पत्रा निळ्या प्लास्टिकमध्ये यायचा. प्लास्टिक सोलायचं, पत्रा फासळ्यांवर टाकायचा, भोकाला भोक जुळवायचं आणि स्प्रिंगच्या पिना लावत जायच्या, दोरीवरच्या कपड्यांना चिमटे लावतो तशा. मग सगळं परत काढायचं, प्रत्येक भोकाची धार हातानं घासायची, पुसायचं, परत बसवायचं. त्यानंतर कुठे रिबिट. बसच्या कामात भोक जुळलं नाही तर हातोडी मारून जुळवायचे. इथे तसं चालत नव्हतं. अण्णा कुरकुरायचे, पण त्यांना ते आवडत होतं. गल्लीत विचारलं तर छाती काढून सांगायचे, “विमानाचं काम आहे.”

मी खांद्यापर्यंत पंखात. आत अंधार, अ‍ॅल्युमिनियमचा वास, दंडाला फासळीची कड टोचतेय. अण्णांना माझा आवाज ऐकू येणार नाही आणि ओठ दिसणार नाहीत, म्हणून आम्ही ठोक्यांची भाषा ठरवली होती. ते डावा तळवा पत्र्यावर टेकवून ठेवायचे. मी आतून डॉलीनं एकदा ठोकलं, म्हणजे रिबिट चांगला बसला, पुढे चला. दोनदा ठोकलं, म्हणजे अजून थोडा मारा. तीनदा म्हणजे बिघडला, काढा. तो ठोका त्यांना तळव्यातून कळायचा. जन्मभर ज्या बापाशी मला धड बोलता आलं नाही, त्याच्याशी मी दिवसभर असं बोलत होते.

पण त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. मार्करच्या रेघेवर त्यांचा विश्वासच बसेना. ती रेघ आहे की गटार, म्हणायचे, हिच्या अलीकडच्या काठावर पत्रा बसवायचा की पलीकडच्या? मी म्हणायचे, मी मारते. ते पट्टी सोडायचे नाहीत.

डाव्या पंखाचा एक पत्रा आम्ही फासळ्यांना पक्का करून टाकला होता. दुसरा पत्रा त्याच्या कडेवर थोडासा चढवून बसवायचा होता. कड कुठे येणार त्याची रेघ अण्णांनी खालच्या पत्र्यावर मारली होती. वरचा पत्रा चढवण्याआधी ती रेघ पुसायचं काम माझं. मी चिंधीला स्पिरिट लावलं आणि पुसली. मार्करचा काळा रंग गेला. रेघ गेली नाही.

परत पुसली. मग नख फिरवलं. नख अडकलं.

पंखाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, सरळ, बारीक, एका दमात ओढलेली. हात ओळखायला मला वेळ लागला नाही. आधी सुईनं मारली होती आणि तिच्यावर मार्कर फिरवला होता. म्हणजे चुकून हात गेला असंही नव्हतं, लपवून केलं होतं. जित्याची खोड म्हणतात, पण खोड लपवायची अक्कल कुठून आली? मला इतका राग आला की कानशिलं तापली.

साहेब त्या दिवशी आलेले नव्हते. अण्णा गोठ्याच्या सावलीत डबा उघडून बसले होते. मी त्यांना हाताला धरून आत आणलं आणि त्यांचं बोट धरून रेघेवरून फिरवलं. ते म्हणाले, पिन घासली असेल. मी त्यांचं बोट परत रेघेवरून फिरवलं. मग म्हणाले, वरचा पत्रा बसला की झाकून जाईल, वरून रंग येईल, कुणाला दिसणार आहे? मी म्हटलं, वर गेल्यावर फाटला तर? साहेब बसणार आहेत त्यात. त्यांनी पुसलेल्या जागेवर तळवा ठेवला, काढला.

“साहेबांना सांगितलंस,” ते म्हणाले, “तर मी उद्यापासून कुठे जायचं?”

मला दारातली खुर्ची दिसली.

दोन दिवस मी तो वरचा पत्रा चढवू दिला नाही. भोकांच्या धारा नीट झाल्या नाहीत, असं सांगून त्याच त्याच घासत बसले. तिसऱ्या दिवशी साहेब विमानाच्या सीटा घेऊन आले. एक सीट त्यांनी जमिनीवर ठेवली, तीत बसले, आणि दोन्ही हात पुढे करून विमान चालवायची स्टिक धरल्यासारखं केलं. शेजारची जागा बायकोची, म्हणाले. ती अजून घाबरते, पण एकदा वर गेली की घाबरणार नाही. एवढा मोठा माणूस लहान मुलासारखा खुश होता. माझ्याच्यानं पुढे राहवलं नाही.

मी म्हटलं, “साहेब, डाव्या पंखावर सुई लागलीय. माझ्या हातून.”

मुद्दाम सावकाश बोलले, अण्णांकडे तोंड करून, ओठ नीट हलवून. ते समोरच उभे होते. त्यांना कळलं, याबद्दल मला कुणी शंका सांगू नये. खरं सांगायचं तर मला वाटलं होतं, ते मध्ये पडतील. पोरीनं आपल्यासाठी मान पुढे केलीय म्हटल्यावर कुठला बाप गप्प राहील? त्यांनी तोंड उघडलं असतं, तर आम्ही दोघं मिळून घरी गेलो असतो. मी त्यांच्याशी भांड भांड भांडले असते आणि ते तिथेच मिटलं असतं. त्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. गनचा पाइप गुंडाळायला लागले.

साहेबांनी भिंग लावून रेघ पाहिली, फोटो काढले आणि किट बनवणाऱ्यांना पाठवले. उत्तर यायला दोन दिवस लागले. पत्रा बदला, असं आलं. म्हणजे पक्के केलेले सगळे रिबिट काढायचे, नवा पत्रा मागवायचा, कित्येक महिने थांबायचं. साहेब चिडले नाहीत, चिडले असते तर बरं झालं असतं. मला बाजूला घेऊन म्हणाले की चूक कुणाच्याही हातून होते आणि सांगितलंत हे चांगलं केलंत, पण एकच नियम होता आणि तोच मोडलात. वर मार्कर मारून झाकलंही. पंखात हात घालणारं माणूस मला असं चालणार नाही, ताई. मिस्त्रींना राहू दे.

चोर सोडून संन्याशाला फाशी. मी मान डोलावली. आणखी काय करणार होते? माझी पिशवी उचलली आणि बाहेर आले. अण्णा आतच राहिले. त्यांची पाळी संपायला अजून वेळ होता.

घरी मी वाट बघत बसले. माफी नको होती. जवळ बसून पाठीवर हात ठेवला असता तरी मला पुरलं असतं. अण्णा आले, हातपाय धुतले, जेवले. भाजीत मीठ कमी आहे म्हणाले. मग म्हणाले, आता डॉली कोण धरणार, तुझ्यासारखा हात मिळायचा नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून गेले.

मी परत प्रेस शॉपला लागले, परत ब्रेक, परत दुसरी कंपनी. तिथे बटण दाबायचं असतं, पत्रा आपोआप वाकतो. अण्णा वर्षाच्या वर त्या शेडमध्ये जात राहिले. विमान ट्रकवर चढवून धावपट्टीकडे नेलं त्या दिवशी साहेबांनी त्यांचा पंखाशेजारी उभं राहून फोटो काढला, आणि फ्रेम करून घरी आणून दिला. मी चहा दिला. साहेब माझ्याशी नीट बोलले, मनात काही ठेवणारा माणूस नव्हताच तो. निघताना म्हणाले, “तुमचे वडील फार सरळ माणूस. त्या दिवशी त्यांनी तुमची बाजू घेतली नाही, तेव्हाच मला त्यांच्याबद्दल आदर वाटला.” मी कपबशा गोळा केल्या.

फोटो बाबासाहेबांच्या तसबिरीखाली लागला. येणारा-जाणारा विचारायचा आणि अण्णा सांगायचे. आधी पंख, मग रिबिट, मग शाम्पूची पुडी. पुढे हळूहळू त्यात मी यायला लागले. पोरीच्या हातून एकदा रेघ गेली, सगळा पत्रा काढावा लागला. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा माझ्याकडे चोरून बघितलं. नंतर नंतर बघणंही बंद झालं. मला आजही कळत नाही, त्यांना खरंच तसं वाटायला लागलं होतं, की रोज तेच बोलून बोलून ते खरं झालं होतं. दोन्हींचा मला सारखाच राग येतो.

एकदा भोसरीहून एक वर्कशॉपवाला आला. तो रुग्णवाहिकांच्या बॉड्या बांधायचा आणि त्याला रिबिटच्या कामाचं माणूस हवं होतं, कायमचं. मी आत चहा टाकत होते. मला वाटलं, झालं, माझं काम झालं. बाहेरून अण्णांचा आवाज आला. बहिऱ्या माणसाला हळू बोलता येत नाही.

“पोरगी आहे माझी, शिकलेली आहे. पण हाताला घाई आहे तिच्या. विमानाच्या पत्र्यावर सुई मारली तिनं.”

मी चहा नेऊन ठेवला. तो माणूस माझ्या हातांकडे बघून गेला आणि परत आला नाही. तो गेल्यावर मी अण्णांसमोर उभी राहिले आणि मनात होतं नव्हतं ते सगळं बाहेर काढलं. त्यांनी मान भिंतीकडे फिरवली. बहिऱ्याशी भांडायचं तर त्यानं तुमच्याकडे बघावं लागतं. मी त्यांची हनुवटी धरून तोंड माझ्याकडे वळवलं, तर त्यांनी डोळे मिटून घेतले. मी एकटीच बोलत राहिले. शेजारीण डोकावून गेली.

गेल्या वर्षी त्यांना छातीच्या दुखण्यानं गाठलं. खाटेला खिळले. डोळे जवळजवळ गेले होते, त्यामुळे ओठही दिसत नव्हते. बोलायचं तर त्यांचा तळवा हातात घेऊन त्यावर बोटानं ठोकायचं, एकदा, दोनदा, तीनदा. पाणी हवंय का, दुखतंय का, एवढंच त्यात मावायचं. बाकी जे सांगायचं होतं ते सांगायला आता काही साधनच उरलं नव्हतं.

जायच्या दोन-तीन दिवस आधी एका दुपारी त्यांनी हत्यारांची पेटी मागितली. चाचपडत सुई काढली. टोक अंगठ्यावर लावून पाहिलं आणि माझ्या हातात दिली.

“ही तुला,” म्हणाले. “फक्त विमानाच्या पत्र्यावर मारू नकोस. किती वेळा सांगितलं होतं तुला, ऐकलं नाहीस. माझी मान खाली गेली त्या दिवशी.”

माझ्या हातात सुई होती आणि तोंडात सगळं आलं होतं. ती रेघ तुमची होती, अण्णा. ओरडले असते तर गल्लीला ऐकू गेलं असतं, त्यांना नाही. ते चेहरा माझ्याकडे करून थांबले होते. उत्तर हवं होतं त्यांना. मी त्यांचा डावा तळवा हातात घेतला आणि बोटानं तीनदा ठोकलं. बिघडला. माझं बिघडलं, कबूल.

त्यांनी थोडा वेळ हात तसाच ठेवला. मग तो सोडवून घेतला आणि खाटेच्या लोखंडी पट्टीवर एकदा ठोकलं. चांगला बसला, पुढे चला. त्यांनी मला माफ केलं होतं.

मला रडू आलं, आणि इतका राग आला की ती सुई रुळांवर फेकून द्यावी असं वाटलं. फेकली नाही. त्यांच्या औषधाची वेळ झाली होती, म्हणून उठले.